जुने एपी काढून नवे बसवताना लोक जे जे विचारतात ते सगळं

मी राहतो संभाजीनगरात, पण नेटवर्कच्या कामाला वाळूज, शेंद्रा, जालना, परभणी, लातूर, नांदेड असं सगळीकडं हिंडतो. कंपनी असो, हॉस्पिटल असो का कॉलेज, दहा-बारा वर्षांमागं बसवलेले एपी, म्हणजे वायफाय देणारे छतावरचे डबे (अॅक्सेस पॉइंट), आता सगळ्यांचे एकदमच बदलायला आलेत आणि फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं लिहून काढलं. आधी वाचा, मग फोन करा.

आमचे एपी तर चालूच आहेत की, मग बदलायचे कशाला?

चालू आहेत म्हणजे हिरवा दिवा लागलाय, एवढंच ना. बघा, एपीत फॅन नसतो, घासणारं काहीच नसतं, दहा दहा वर्षं छताला लटकून राहतो म्हणून कुणाला वाटतच नाही की हा म्हातारा झालाय. अडचण सॉफ्टवेअरची आहे. कंपनीनं एकदा सपोर्ट बंद केला की पुढं जे भोक सापडंल ते उघडंच राहतंय. २०१७ च्या ऑक्टोबरात डब्ल्यूपीए२ या वायफायच्या कुलूपपद्धतीतलं क्रॅक नावाचं भोक बाहेर आलं, २०२१ च्या मे महिन्यात फ्रॅगअटॅक्स नावाची आणखी भोकं, दोन्हीच्या मागं मॅथी वानहूफ हाच संशोधक, आणि ज्या एपींचे अपडेट तोवर बंद झाले होते ते जसे होते तसेच राहिले.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची आहे. सिस्को कंपनीच्या जुन्या एपींमध्ये कारखान्यातच एक सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, भरलेलं असतं, त्याची मुदत दहा वर्षांची. ती संपली की चालू एपी चालू राहतो, पण लाईट जाऊन आली, एपी रीबूट झाला, की कंट्रोलर, म्हणजे सगळ्या एपींना एका जागेवरून चालवणारी पेटी, त्याला आत घेत नाही. कंट्रोलरवर मुदतीकडं दुर्लक्ष कर अशी सेटिंग आहे, ती टाकली की गाडी पुढं जाते. त्यात आणखी एक, ४ डिसेंबर २०२२ ला एपीच्या सॉफ्टवेअर फाइलवरच्या (इमेज) सहीचं सर्टिफिकेट संपलं आणि त्यानंतर सिस्कोच्या आयओएस सॉफ्टवेअरवाले (अॅपलचं नव्हे) जुने एपी अपग्रेड करायला गेलं की डाऊनलोडिंगवरच अडकून बसायला लागले. मग कंट्रोलरचं घड्याळ मागं फिरवून अपग्रेड करायचं. आता मला सांगा, घड्याळ मागं करून नेटवर्क चालवायची वेळ आली तर अजून कशाची वाट बघायची?

आमचा एपी किती जुना आहे हे कसं कळंल?

मागचं लेबल बघा, मॉडेल नंबर घ्या, कंपनीच्या साइटवर त्याची एंड ऑफ सपोर्टची तारीख शोधा. ८०२.११ च्या पुढचं अक्षर म्हणजे वायफायची पिढी. नुसतं ८०२.११एन लिहिलं असंल तर विचार करायची गरजच नाही, ते २००९ चं स्टँडर्ड आहे. ८०२.११एसी म्हणजे २०१३ नंतरचा, त्यातला वेव्ह १ (पहिली खेप) असंल तर काढा, वेव्ह २ असंल आणि सपोर्टची तारीख बाकी असंल तर एखादं वर्ष ढकलू शकता.

एक आपल्या देशातली भानगड पण आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात सरकारनं ५ गिगाहर्ट्झमधला एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा पट्टा लायसनमुक्त केला, त्यात ५४७० ते ५७२५ हा मधला मोठा तुकडा नव्यानं आला. त्याआधी घेतलेल्या बऱ्याच एपींना भारताचा कंट्री कोड (कुठल्या देशाचे चॅनेल वापरायचे ती सेटिंग) टाकला की हे मधले चॅनेल दिसतच नाहीत. म्हणजे रस्ता रुंद झालाय आणि तुमची गाडी अजून जुन्याच लेनमधनं चाललीय.

वायफाय ६ घ्यावं, ६ई घ्यावं का डायरेक्ट ७?

हा प्रश्न मालक लोक विचारतात, आयटीवाला विचारत नाही कारण त्याला माहीत असतं की बजेट किती आहे. वायफाय ६ म्हणजे ८०२.११एसीच्या पुढची पिढी, तिचं सर्टिफिकेशन २०१९ च्या सप्टेंबरात सुरू झालं आणि ७ चं २०२४ च्या जानेवारीत, त्यामुळं ६ आता मुरलेलं आहे, त्याचे बग निघून गेलेत. ६ई म्हणजे ६ लाच ६ गिगाहर्ट्झचा पट्टा जोडलेला. ६ई आणि ७ चा खरा फायदा ६ गिगाहर्ट्झमध्ये. आपल्याकडं ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा खालचा पट्टा लायसनमुक्त करायचा मसुदा दूरसंचार विभागानं २०२५ च्या मे महिन्यात काढला, त्यात इनडोअर लो पॉवर आणि बाहेर अगदीच कमी पॉवर असंच धरलंय. ऑर्डर काढायच्या दिवशी त्याची ताजी अधिसूचना काढून वाचा आणि त्याच मॉडेलचं ईटीए, म्हणजे सरकारी मंजुरीचं सर्टिफिकेट डीलरकडून लेखी मागा, "येतंय, येतंय" यावर ऑर्डर देऊ नका.

७ मधला ३२० मेगाहर्ट्झचा चॅनेल विकायला लई छान वाटतो. पण ५९२५ ते ६४२५ म्हणजे ५०० मेगाहर्ट्झ, त्यात ३२० चा चॅनेल बसतो एकच. पन्नास एपी एकाच चॅनेलवर बोलायला लागले तर ती स्पीड नाही, बाजार आहे. माझं मत विचाराल तर फॅक्टरी, गोदाम, साधं ऑफिस असंल तर ६ पुरे. नवीन लॅपटॉपची खरेदी पण होणार असंल आणि पुढची सात वर्षं हात लावायचा नसंल तर ७ घ्या.

जुना जिथं होता तिथंच नवा ठोकला तर चालतंय ना?

सगळ्यात जास्त पैसा इथंच वाया जातो म्हणून जरा सविस्तर सांगतो. आधी हे शोधा की जुना तिथं का होता. दहापैकी सहा ठिकाणी उत्तर निघतं की केबल तिथवरच पोचली होती, नाहीतर व्हरांड्यात बसवणं सोपं होतं. व्हरांड्यातले एपी एकमेकांना मस्त ऐकतात, सरळ रेषेत असतात ना, आणि खोलीत बसलेल्या माणसाला भिंतीआडून काहीच मिळत नाही. त्यात जुना सर्वे (सिग्नल कुठं किती येतो ते फिरून मोजणं) बहुतेक वेळा २.४ गिगाहर्ट्झ धरून केलेला, आता सगळं काम ५ वर, आणि ५ ला भिंत जास्त लागते.

एका संस्थेचं ऑफिस जुन्या माळवदाच्या वाड्यात होतं, पांढऱ्या मातीची दोन हात रुंद भिंत. तिथं कागदावर दोन एपी पुरत होते, प्रत्यक्षात दर खोलीला एक लावावा लागला, साधे छोटे, पॉवर कमी करून. उलट लातूरकडं एका गोदामात उन्हाळ्यात सर्वे झाला तेव्हा गोदाम रिकामं होतं, सिग्नल असा की काय सांगू, दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची पोती थप्पीला लागली आणि मधल्या गल्लीत बारकोड स्कॅनर मुके. ओलसर माल सिग्नल पितो. सर्वे करायचा तर माल भरलेला असताना करा.

सर्वेत बघायचं काय तर माणूस जिथं काम करतो तिथं, त्याच्या टेबलावर, ५ गिगाहर्ट्झवर उणे ६७ डीबीएमपेक्षा चांगलं (हे सिग्नलचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) येतंय का, गोंगाटाच्या वर २५ डीबी तरी आहे का, आणि तेवढ्याच ताकदीचा दुसरा एपी त्याच चॅनेलवर तर नाही ना. मोजायला तुमच्याकडचा सगळ्यात रद्दी फोन किंवा स्कॅनर घ्या, साहेबांचा नवा फोन नको. आणि पॉवर फुल्ल ठेवू नका. एपी मोठ्यानं ओरडला तरी मोबाइलचा आवाज तेवढाच राहतो, एपीचं मोबाइलला ऐकू येतं पण मोबाइलचं एपीला येत नाही, मग काड्या फुल्ल आणि काम शून्य.

ब्रॅकेट पण बघा बाबा. जुन्या ब्रॅकेटवर नवा एपी बसंलच असं नाही, आणि चाळीस फुटांवर शिडी लावून चढल्यावर हे कळलं तर खाली उभ्या माणसाला शिव्या खाव्या लागतात.

स्विच तोच ठेवला तर?

ठेवा, पण आधी वॅटचा हिशोब करा. एपीला वीज नेटवर्कच्या केबलमधनंच मिळते, त्याला पीओई म्हणतात. जुने एपी त्यातल्या ८०२.३एएफवर चालायचे, पोर्टला १५.४ वॅट. नवे बरेचसे ८०२.३एटी मागतात म्हणजे ३० वॅट, वरच्या मॉडेलला त्याहून जास्त वॅटचं ८०२.३बीटी लागतं. एएफवर लावला तर बंद राहत नाही, ती तर खरी गोची आहे, तो चालू होतो आणि गुपचूप काही अँटेना बंद करतो, पोर्ट हळू करतो, यूएसबी मारून टाकतो. म्हणजे पैसे दिले चार अँटेनांचे आणि चालतायत दोन, वर ओरड अशी की नव्यात पण तेच हाल.

आता २४ पोर्टचा ३७० वॅटचा स्विच घ्या. १५.४ नं भागलं तर २४ एपी बरोबर बसायचे. ३० नं भागा, १२ वर संपलं. तेरावा एपी लावला की कुठलातरी एक बंद पडतो आणि माणूस तो एपी खराब म्हणून परत पाठवतो. एवढे वॅट वाढले की यूपीएसवर पण लोड वाढतो हे विसरू नका, आपल्याकडं लाईटीचं काय सांगावं, पूर्वी जेवढा वेळ निघायचा तेवढा आता निघणार नाही.

केबल पण बदलायची का? तो खर्च एपीपेक्षा जास्त होईल.

चांगली कॅट ५ई असंल आणि टोकं नीट पंच केलेली (बसवलेली) असतील तर राहू द्या. २०१६ मध्ये आलेलं ८०२.३बीझेड हे केबलच्या स्पीडचं स्टँडर्ड याच कामासाठी आहे, कॅट ५ईवर १०० मीटरपर्यंत २.५ गिग चालतं. आणि खरं सांगू का, इंटरनेटची लाईनच २०० एमबीपीएसची असंल तर १ गिगचा पोर्ट पण रिकामाच असतो.

पण बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या केबली लई खपल्यात. ब्लेडनं तार खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर बदला, विचारू नका. लांब अंतरावर त्यातनं पीओईचं व्होल्टेज पडतं आणि एपी दुपारी दोनला रीबूट होतो, संध्याकाळी ठीक असतो, आणि तुम्ही महिनाभर भूत शोधत बसता.

कंट्रोलर मागच्याच कंपनीचा आहे, तोच चालवू ना?

कंपनी तीच असून भागत नाही, सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळली पाहिजे. सिस्कोचंच बघा, ५५०८ किंवा २५०४ कंट्रोलरला ८.५ च्या पुढचं सॉफ्टवेअर जात नाही आणि वायफाय ६ वाले ९१०० मालिकेतले एपी त्याच्या पुढच्या सॉफ्टवेअरवरच येतात. उलट बाजूनं २६००, ३६०० असले जुने एपी नव्या ९८०० कंट्रोलरवर येत नाहीत. म्हणजे बदल चालू असेपर्यंत दोन कंट्रोलर शेजारी शेजारी चालवायचे, जुने जुन्यावर, नवे नव्यावर.

आणि इथं माझीच एक चूक सांगतो. एका हॉस्पिटलात नवा कंट्रोलर लावला, एपी आले, नेटवर्क दिसलं, पासवर्डवालं गेस्ट चाललं, मी खूष. सकाळी आठला स्टाफ आला तर एकाचं लॉगिन होईना. कंट्रोलरचा आयपी नवीन होता आणि लॉगिन तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरवर त्याची एंट्री मी केलीच नव्हती. पाच मिनिटांचं काम, पण ती पाच मिनिटं सापडायला पाऊण तास गेला आणि सिस्टर लोकांनी जे बघितलं माझ्याकडं ते अजून आठवतंय. तेव्हापासून माझ्या वहीत पहिली ओळ रेडियसची, दुसरी फायरवॉलवर यूडीपी ५२४६ आणि ५२४७ ची (एपी आणि कंट्रोलर ज्यातनं बोलतात ते पोर्ट), तिसरी डीएचसीपी ऑप्शन ४३ ची (एपीला कंट्रोलरचा पत्ता सांगणारी सेटिंग).

अर्धे आता लावतो, अर्धे पुढच्या मार्चनंतर, चालंल का?

चालंल, पण बिल्डिंग किंवा मजला पूर्ण करा. एक नवा, एक जुना, एक नवा अशी खिचडी नको. माणूस चालत चालत जातो, फोन नव्यावरून जुन्यावर, परत नव्यावर, दोघांची एन्क्रिप्शनची सेटिंग वेगळी, कंट्रोलर वेगळा, मग व्हॉट्सअॅप कॉल तुटतो. जुने चांगल्या अवस्थेतले निघाले तर त्यांना एका टोकाच्या इमारतीत एकत्र टाका, सिक्युरिटी केबिन, कँटीन असं.

नवे लागले आणि आमचे स्कॅनर बंद पडले, एपी खराब आहे का?

नाही हो. बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण निघतं. पहिलं, इंजिनिअरनं १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएसचे जुने रेट बंद केले. ते बंद करणं बरोबरच आहे, हवा मोकळी होते, पण तुमचा स्कॅनर फार जुना असंल तर तो त्याच रेटवर जगत होता. दुसरं, नव्या एपीनं १०० ते १४४ मधला चॅनेल घेतला आणि हातातला जुना स्कॅनर तिकडं ऐकतच नाही, त्याच्या लेखी एपी अस्तित्वातच नाही. तिसरं, पीएमएफ (वायफायच्या आतल्या संदेशांना संरक्षण) सक्तीचं केलं किंवा फास्ट रोमिंग (एका एपीवरून दुसऱ्यावर पटकन जाणं) चालू केलं, आणि जुन्या स्कॅनरला ते कळत नाही.

लॅपटॉपचं वेगळंच. इंटेलच्या जुन्या कार्डांना जुन्या ड्रायव्हरवर वायफाय ६ चं नेटवर्क लिस्टमध्येच येत नव्हतं, इंटेलनं स्वतःच ड्रायव्हर अपडेट करा म्हणून सांगितलंय. त्यामुळं एपीची पेटी उघडायच्या आधी सगळ्या उपकरणांची यादी करा, स्कॅनर, वजनकाट्याचा प्रिंटर, ईसीजी मशीन, बायोमेट्रिक, सगळं, आणि प्रत्येकातला एक नमुना टेबलावर ठेवून नव्या एपीवर दोन दिवस चालवून बघा. हे दोन दिवस कुणी देत नाही आणि नंतर दोन आठवडे देतात.

जुन्या उपकरणांसाठी वेगळं एसएसआयडी (वायफायचं नाव) ठेवा, फक्त २.४ वर, वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कचा वेगळा कप्पा), १, ६, ११ एवढेच चॅनेल आणि २० मेगाहर्ट्झ.

डब्ल्यूपीए३ लावू का?

डब्ल्यूपीए२ च्या पुढचं कुलूप ते, स्टाफच्या नव्या लॅपटॉपला हो. सरसकट नको, ट्रान्झिशन मोड (२ आणि ३ दोन्ही चालतात) ठेवून बघा, त्यात पण एखादा जुना फोन रुसतो. ६ गिगाहर्ट्झवर मात्र पर्याय नाही, तिथं डब्ल्यूपीए२ चालतच नाही.

पत्र्याचं शेड आहे, वर एपी लावला तर उन्हाळ्यात टिकंल का?

मे महिन्यात परभणी, नांदेडकडं बाहेरच ४२-४३ असतंय, पत्र्याच्या खाली एक फुटावर हात धरून बघा म्हणजे कळंल. इनडोअर एपीची मर्यादा मॉडेलप्रमाणं ४० ते ५० डिग्री, ती तिथं दुपारीच ओलांडते. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये तर भट्टीची धग वेगळीच. अशा जागी आउटडोअर दर्जाचा घ्या, महाग पडतो पण घ्या, नाहीतर पत्र्यापासून खाली पाइप सोडून एपी उतरवा आणि खाली तोंड करणारी अँटेना लावा. जिनिंगमध्ये कापसाचा भुगा सगळीकडं बसतो, तिथं जाळी असलेला एपी घेतला की दर हंगामात ब्रश मारायचं काम लागलंच म्हणून समजा.

दोन इमारतींमध्ये केबल टाकून तिकडं एपी दिला तर?

तांब्याची नका टाकू. जूनच्या तोंडाला विजा सुरू झाल्या की एका कडाक्यात एपी, स्विच, कधी कधी पूर्ण रॅक जातो. इमारतीतनं इमारतीत फायबर टाका, तिकडं छोटा पीओई स्विच ठेवा. बाहेरच्या एपीला सर्ज प्रोटेक्टर आणि खरं अर्थिंग, खिळ्याला गुंडाळलेली तार म्हणजे अर्थिंग नव्हे.

क्लासच्या हॉलमध्ये किती पोरांमागं एक एपी?

पेटीवर ५०० लिहिलेलं असतं, ते विसरा. ऑनलाइन टेस्ट असंल, सगळी पोरं एकाच मिनिटाला सबमिट दाबणार असतील, तर मी एपीतल्या एका रेडिओमागं ३० ते ४० धरतो. लातूरला दोनशे पोरांचा हॉल असंल तर पाच-सहा एपी, पॉवर कमी, प्रत्येकाला वेगळा चॅनेल, २.४ एक-दोनच एपीवर चालू आणि बाकीच्यांवर बंद.

चॅनेल ८० मेगाहर्ट्झचा ठेवला तर स्पीड वाढते म्हणतात.

एकच एपी असंल तर वाढते. वीस असतील तर २० किंवा ४० वरच ठेवा, चॅनेल जास्त मिळतात. चिकलठाण्यात विमानतळाच्या बाजूला असाल तर डीएफएसचे चॅनेल (रडारही वापरतं ते) लावल्यावर आठवडाभर लॉग बघा, एपीनं रडारसारखं काही ऐकलं की तो लगेच चॅनेल सोडतो आणि अर्धा तास तिकडं परत जात नाही. लॉगमध्ये असं रोज दिसलं तर तेवढे चॅनेल यादीतनं काढून टाका.

क्लाऊडवाले घ्यावेत का कंट्रोलरवाले?

नांदेड, हिंगोली, धाराशिव अशा चार शाखा असतील आणि आयटीवाला एकच असंल तर क्लाऊड, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटवरच्या सर्व्हरवरून चालवायचे, ते बरं, गाडीचं डिझेल वाचतं. फक्त लायसन किती वर्षांचं आणि ते संपल्यावर काय होतं हे लेखी घ्या. काहींचं फक्त मॅनेजमेंट बंद होतं, काहींचं मुदतीनंतर पूर्ण नेटवर्कच थांबतं. टेंडरमध्ये एल-वन (सगळ्यात कमी भाववाला) बघताना पहिल्या वर्षाचा भाव बघतात आणि तिसऱ्या वर्षी नूतनीकरणाचं कोटेशन आल्यावर पंखा लावून बसतात.

काम चालू असताना किती वेळ बंद ठेवावं लागंल?

तयारी झाली असंल तर एका एपीमागं पंधरा-वीस मिनिटं. तयारी म्हणजे टेबलावरच सगळे नवे एपी एकदा चालू करून सॉफ्टवेअर चढवून, कंट्री कोड भारताचा आहे हे बघून, नाव टाकून, लेबल चिकटवून ठेवायचे. नाव जागेचं द्या, "दुसरा मजला लॅब पूर्व" असं, नाहीतर रात्री अडीचला मॅक अॅड्रेस वाचत बसावं लागतं. कंपनीत शिफ्ट बदलताना करू नका, रविवारी करा, हॉस्पिटलात वॉर्ड वॉर्ड करून दुपारी. आणि पहिला मजला झाला की दोन दिवस थांबा, लोकांना वापरू द्या, मग पुढचा घ्या.

काढलेल्या जुन्या एपींचं काय करायचं?

आधी फॅक्टरी रीसेट. त्यातल्या काहींत वायफायचा पासवर्ड, रेडियसचं सीक्रेट, एसएनएमपीची कम्युनिटी (नेटवर्कवर नजर ठेवायचा पासवर्ड) सगळं बसलेलं असतं आणि भंगारवाल्याकडनं ते कुठं जाईल सांगता येत नाही. चार-पाच चांगले जुन्या मजल्यासाठी स्पेअर ठेवा, पण जुना कंट्रोलर चालू आहे तोपर्यंतच त्यांना अर्थ आहे. बाकीचे पोत्यात भरून भंगारात घालू नका, ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणी असलेल्या रीसायकलरला द्या आणि त्याची पावती घ्या. ती पावती आणि सीरियल नंबरची यादी स्टोअरला देऊन मालमत्ता रजिस्टरमधनं नंबर वजा करून घ्या, नाहीतर पुढच्या मार्चला ऑडिटवाला तेच एपी शोधत छताकडं बघत फिरतो.